ग्रॅनोला ज्वारीचाही होतो, पण पाक जमला तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी ग्रॅनोला बार, म्हणजे ओट्स-दाण्यांच्या गोड वड्या, करण्याच्या कृती हल्ली पुरवण्यांमधून वरचेवर येतात. त्यात ओट्स, मध, क्रॅनबेरी आणि ओव्हन ठरलेले. ‘ओट्स नसतील तर ज्वारीच्या लाह्या घ्या’ अशी एक ओळ शेवटी जोडलेली असते आणि घोळ तिथेच होतो. ओट्स ओलावा शोषूनही चिवट राहतात, लाही मात्र ओलावा लागताच सादळते. म्हणून ओट्सची कृती लाह्यांना जशीच्या तशी चालत नाही. तसं पाहिलं तर 1863 साली अमेरिकेत डॅन्सव्हिल इथे जेम्स जॅक्सन यांनी केलेल्या मूळ ‘ग्रॅन्युला’त ओट्स नव्हतेच. तो गव्हाच्या जाड पिठाचा भाजून फोडलेला चुरा होता आणि रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावतही नसे. तेव्हा ज्वारी वापरायला आडकाठी नाही, फक्त रीत तिची हवी.

दोन नऊ इंची ताटांसाठी प्रमाण असे: ज्वारीच्या लाह्या 60 ग्रॅम, भाजून सोललेले जाडसर कुटलेले शेंगदाणे 100, डाळवं 50, तीळ 40, जवस 25, चिक्कीचा गूळ 220 ग्रॅम, दोन चमचे पाणी, एक चमचा तूप, चिमूटभर मीठ. कृपया वाट्यांनी मोजू नका. वाटीभर लाह्या आणि वाटीभर दाणे यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

नागपंचमीला लाह्या फोडणाऱ्या घरांत हे ठाऊकच आहे, तरी सांगतो. ज्वारी उकळत्या पाण्यात पाचेक मिनिटं ठेवून निथळावी, रात्रभर फडक्यात बांधावी आणि सकाळी चांगल्या तापलेल्या कढईत मूठमूठ टाकून कापडाच्या बोळ्याने हलवत फोडावी. दाण्यातल्या ओलाव्याची वाफ कोंडून साल फुटते. कढई कोमट असेल तर वाफ हळूहळू निसटते आणि दाणा नुसता भाजून निघतो. भाकरीला उत्तम असलेली ज्वारी लाहीला उत्तम असेलच असं नाही, म्हणून आधी मूठभर फोडून पाहावी. फोडल्यावर चाळण मारून गणंग, म्हणजे न फुटलेले दाणे, काढलेच पाहिजेत. वडीत लपलेला एक गणंग दाताचा टवका उडवतो. विकतच्या लाह्या असतील तर त्या मंद आचेवर चार-पाच मिनिटं परतून घ्याव्यात. गार झाल्यावर बोटांत चुरताना कुरकुर वाजली पाहिजे. तीळ आणि जवस वेगवेगळे भाजावेत, कारण जवस तडतडायला लागेपर्यंत तीळ करपून कडू होतात.

आता पाक. जाड बुडाच्या कढईत गूळ, पाणी आणि तूप मध्यम आचेवर ठेवावं. फेस येऊन रंग गडद होऊ लागला की गार पाण्याच्या वाटीत थेंब टाकून पाहायचं. थेंब पसरला तर पाक कच्चा. मऊ गोळी झाली तर तो लाडवाचा पाक, इथे थांबलात तर वडी दाताला चिकटते. गोळी टणक, पण जोर दिल्यावर दबणारी झाली की ओट्सच्या बारसारखी चिवट वडी मिळते. मात्र त्या पाकात उरलेलं पाणी दोन-तीन दिवसांत लाह्यांत शिरतं आणि वडी लोळागोळा होते. लाह्या घातल्या असतील तर आणखी थोडं थांबा. वाटीतून काढलेला तुकडा कट्टकन मोडला की लगेच गॅस बंद. त्यानंतर अर्धा मिनिट जरी गेला तरी गूळ जळून कडवटपणा येतो. काळा, ओलसर गूळ यासाठी घेऊ नये, त्याचा पाक कडक व्हायच्या आधीच करपतो.

आधी दाणे, तीळ, जवस, डाळवं पाकात घालावं, लाह्या सगळ्यांत शेवटी, आणि उलथन्याने खालून वर असं हलवावं. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने हलकेच दाबावं. लाटण्याने दाबलं तर लाह्यांचा भुगा होतो. तीन-चार मिनिटांत, गरम असतानाच काप पाडावेत, थंड झाल्यावर तुकडे वेडेवाकडे फुटतात. पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात. फ्रीजमध्ये ठेवू नयेत, बाहेर काढताच त्यांना दव सुटतं.

‘गूळ आहे, म्हणून कितीही खा’ हे छापणं मात्र थांबवा. या प्रमाणाच्या 24 वड्या केल्या तर एकीत सुमारे 9 ग्रॅम गूळ येतो. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेसाठी सुचवलेली, दिवसाला सुमारे 25 ग्रॅमची आदर्श मर्यादा तीन वड्यांत जवळपास गाठली जाते, आणि गूळही त्यातच मोजतात. मधुमेहींनी याला औषध समजू नये.

जवस अख्खा गेला तर बराचसा न पचताच बाहेर पडतो, म्हणून निम्मा भरडून घालावा, पण मग आठवड्याच्या आत वड्या संपवाव्यात, कारण भरड लवकर खवट होते. बुरशीचा वास येणारे किंवा काळपट, सुरकुतलेले शेंगदाणे भाजूनही वापरू नयेत, त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष घरच्या भाजण्याने पूर्ण जात नाही. आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दाण्यांचं बारीक कूटच घाला, अख्खा दाणा घशात अडकतो.

– एक वाचक, सेलू (जि. परभणी)