एक शब्द काढायचा आहे

डोंबिवली, रविवार

प्रिय सई,

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, फिल्म कशी वाटली?" आणि मी "छान आहे गं, थांब, आई हाक मारतेय" म्हणून फोन ठेवला. आईने हाक मारलीच नव्हती. ती भाजी आणायला गेली होती. तोपर्यंत तुझी तेवीस मिनिटांची फिल्म मी तीनदा पाहून झालो होतो आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी अडकलो होतो. सुरुवातीला आपल्या चाळीची गॅलरी दिसते, दोरीवर कपडे वाळताहेत, आणि वरून तुझा आवाज येतो: "लालबागच्या चाळीतल्या या गरीब माणसांनी..."

छत्तीस वर्षं मुद्रितं तपासली. वाक्यात एखादा शब्द खटकला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. पण पोटच्या पोरीच्या कामावर लाल रेघ मारायची तर फोन पुरत नाही, म्हणून हे पत्र.

तू ज्या शहरात राहतेस, त्या लॉस एंजेलिसमध्येच घडलेली एक गोष्ट आहे. 2009 च्या सुमारास माझ्या एका मित्राच्या पुतण्याने अमेरिकेहून डीव्हीडी आणली होती, 'किलर ऑफ शीप'. तू तेव्हा शाळेत होतीस, एका रविवारी दुपारी माझ्या शेजारी बसून तूही ती थोडी पाहिलीस आणि "यात काही होतच नाही" म्हणून खेळायला पळालीस. बरोबरच होतं तुझं. काहीच होत नाही. स्टॅन नावाचा माणूस कत्तलखान्यात मेंढ्या कापायच्या कामावर जातो, घरी येतो, त्याला झोप लागत नाही. बायको त्याच्या जवळ यायला बघते आणि तो नुसता थकलेला असतो. बस. पण त्यानंतर मी ती किती वेळा पाहिली, त्याचा हिशेब नाही.

चार्ल्स बर्नेटने ती केली तेव्हा तो तुझ्यासारखाच विद्यार्थी होता, यूसीएलएमध्ये, म्हणजे तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. जन्म 1944 चा, मिसिसिपीतल्या व्हिक्सबर्गचा. लहानपणीच कुटुंब लॉस एंजेलिसला आलं, वॉट्स या काळ्या लोकांच्या वस्तीत. आधी तो इलेक्ट्रिशियनचं शिकत होता, सिनेमाकडे नंतर वळला. ही फिल्म म्हणजे त्याचा पदवीचा प्रबंध. सोळा मिलिमीटर, कृष्णधवल, खर्च दहा हजार डॉलरच्या आत. नोकऱ्या सांभाळणारी माणसं, म्हणून चित्रीकरण बहुतेक शनिवार-रविवारी. 1972 च्या आसपास सुरू झालेलं काम 1977 मध्ये पुरं झालं. वस्तीतलीच पोरं कॅमेऱ्यापुढे आणि वस्तीतलीच पोरं सामान उचलायला, आवाज धरायला. स्टॅनच्या मुलीचं काम केलंय ते बर्नेटच्या पुतणीने.

त्या वस्तीत कॅमेरे पूर्वीही आले होते. 1965 च्या ऑगस्टमध्ये वॉट्स सहा दिवस पेटलं होतं, चौतीस माणसं मेली. देशाने वॉट्स पाहिलं ते टीव्हीवर, धुरातून. पुढे बर्नेट चित्रीकरण करत होता त्याच वर्षांत थिएटरांत काळे नायक दिसायला लागले होते खरे, पण ते चामड्याचे कोट घालून पिस्तुलं चालवणारे. आणि विद्यापीठातल्या चळवळ्या मित्रांच्या फिल्म वेगळ्या: कारखाना, मालकाचा जुलूम, मग कामगार एक होतात आणि शेवटी मुठी वर. बर्नेट म्हणत असे की मी ज्या माणसांत वाढलो त्यांचे प्रश्न असे दोन तासांत सुटत नाहीत. माणूस टिकून राहतो, सकाळी पुन्हा कामावर जातो, त्याला यश म्हणायचं तर म्हणा. (याच 1972 साली इकडे मुंबईत काही कवी आणि कार्यकर्ते तिकडच्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या लढाऊ संघटनेवरून नाव घेऊन दलित पँथर उभी करत होते. मी तेव्हा दहा वर्षांचा. त्या तरुणांची आणि या तरुणाची गाठ पडली असती तर काय भांडणं झाली असती, असं मला उगीच वाटत राहतं.)

आता मुद्द्यावर येतो. फिल्ममध्ये एका ठिकाणी स्टॅन घरात बसून मित्राशी बोलतोय. गरिबीचा विषय निघतो. आणि हा कधी आवाज न चढवणारा माणूस उसळतो. मी गरीब नाही, म्हणतो. मी सॅल्व्हेशन आर्मीला, म्हणजे तिथल्या धर्मादाय संस्थेला, वस्तू देतो. गरीब माणसाला सॅल्व्हेशन आर्मीला काही देता येतं का? गरीब बघायचाय तर तो अमका बघा, अंगात नुसता कोट घालून शेगडीशी बसतो आणि मोकळ्या जागेतला पाला खुडून खातो.

हे ऐकलं तेव्हा मी डीव्हीडी थांबवली होती. कारण हे वाक्य मी आमच्या खोलीत ऐकलेलं होतं. तुझ्या आजीच्या तोंडून, शब्द तेवढे वेगळे. शाळेत फी माफीचा अर्ज आला, त्यावर कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'घरची गरिबी'. आजीला वाचता येत नव्हतं, मोठ्याने वाचून घेतलं आणि कागद माझ्या हातातून काढला. "गरीब कोण? आपण बोहारणीला कपडे देतो. गरिबाकडे बोहारीण येते का?" अर्ज गेला नाही. फी भरली कशी, ते मला अजून माहीत नाही.

बर्नेट स्टॅनला खोडून काढत नाही, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. आपल्याला दिसत असतं ना घरात काय आहे, काय नाही ते. स्वयंपाकघराची लादी, मोडकी गाडी. पुढे ती घोड्यांच्या शर्यतीला निघतात सगळी, नटूनथटून, आणि वाटेत टायर फुटतो, जादा टायर नाही, परत घरी. तरी कुठूनही एक आवाज येऊन सांगत नाही की पाहा, ही गरीब माणसं. स्टॅनने स्वतःला जे म्हटलं तेच शेवटचं. यूसीएलएत बेसिल राइट नावाचे ब्रिटिश माहितीपटकार त्याला शिकवायला होते, 1934 मध्ये सिलोनवर फिल्म केलेले. ज्यांचं चित्रण करतोस त्यांचा मान राख, हे त्यांच्याकडून घेतलं असं तो सांगतो.

आणि इंजिनाचा प्रसंग आठव. नसेल आठवत तर पुन्हा बघ, एवढ्यासाठीच बघ. स्टॅन आणि त्याचा मित्र गाडीचं जुनं इंजिन विकत घेतात. आठवड्याच्या पगारातले पैसे. जिन्यावरून ते धूड उतरवतात, पायरी पायरी, बोटं चेंगरत, घाम गळतोय. कसंबसं ट्रकच्या मागच्या फळीवर टेकवतात. स्टॅन म्हणतो, अजून आत सरकवू या. मित्र म्हणतो, राहू दे, ठीक आहे. गाडी सुरू होते, चढावर धक्का बसतो, इंजिन रस्त्यावर. फुटलं. दोघं बघतात, आणि निघून जातात. कॅमेरा ट्रकवर मागे तोंड करून बसलेला, आणि ते इंजिन रस्त्यात लहान लहान होत जातं. यावर कोणी रडत नाही, कोणी बोलत नाही. हसूही येतं आधी. मला तर दर वेळी येतं, आणि मग बराच वेळ येत नाही.

फिल्मचं पुढे काय झालं ते तुला कॉलेजात सांगितलं असेलच, तरी माझ्या तोंडून ऐक. 1978 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये दाखवली. 1981 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात समीक्षकांचं बक्षीस. 1990 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवली. आणि या सगळ्या काळात साध्या माणसाला तिकीट काढून ती पाहता येत नव्हती! कारण गाणी. पॉल रोबसन, डायना वॉशिंग्टन, लुई आर्मस्ट्राँग, अर्थ विंड अँड फायर. काळ्या माणसांच्या संगीताचा इतिहासच त्याने फिल्मभर पसरला होता, आणि विद्यार्थ्याची फिल्म म्हणून परवानग्या काढल्या नव्हत्या. झिजलेल्या प्रिंट कॉलेजांत, महोत्सवांत फिरत राहिल्या. 2007 मध्ये यूसीएलएच्या संग्रहालयाने दुरुस्त केलेली प्रत माइलस्टोन या वितरण कंपनीने थिएटरांत आणली तेव्हा गाण्यांच्या हक्कांनाच दीड लाख डॉलरच्या आसपास लागले. फिल्मच्या खर्चाच्या पंधरापट. एक गाणं तरीही मिळालं नाही. डायना वॉशिंग्टनचं, शेवटचं. त्या जागी तिचंच दुसरं वापरलं, आणि मूळचं परत बसलं ते 2025 च्या नव्या प्रतीत. आपल्या लाडक्या टीव्ही मालिकेचं शीर्षकगीत तू फिल्ममध्ये घातलं आहेस, त्याचा कागद हातात आहे का, हे मी मुद्रितशोधक म्हणून विचारतोय, बाप म्हणून नाही.

तरी बर्नेटने गाणी काढली नाहीत हे बरं केलं, असं मला वाटतं. स्टॅनची छोटी मुलगी बाहुलीला घेऊन रेडिओवरचं गाणं म्हणते, शब्द येत नाहीत म्हणून आपलेच काहीतरी जुळवून, तोंडभर. ते गाणं बदललं असतं तर ती मुलगीच गेली असती. आणि नवराबायको खिडकीच्या उजेडात नाचतात तो प्रसंग. डायना वॉशिंग्टन गाते आहे, ही धरती किती कडू. बायको त्याला धरून ठेवू पाहते, गाणं संपतं, तो सोडवून निघून जातो. इतकंच. आजोबा तिसरी पाळी करून सकाळी यायचे तेव्हा आजी चहाचा कप त्यांच्या हाताशी ठेवून तशीच उभी राहायची. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात, बत्तीस वर्षं काढल्याने त्यांना कानाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे ती हळू काही बोलली तरी ते वाया जायचं. मी पोर होतो, मला वाटायचं ही उभी का राहते.

आता फिल्ममधली ती छतांवरून उडी मारणारी पोरं बघ, कितीतरी ठिकाणी दिसतील. मॉस डेफ नावाच्या रॅपरने 2009 च्या अल्बमवर त्यातलंच चित्र घेतलं. नोकरी नसलेल्या बापाची गोष्ट सांगणारी बिली वुडबेरीची फिल्म बर्नेटनेच लिहिली आणि कॅमेऱ्यावरही तोच. 2017 मध्ये ऑस्करवाल्यांनी मानाचा पुतळा दिला त्याला, त्र्याहत्तराव्या वर्षी. मला मात्र त्या फिल्मने केलेलं काम याहून लहान आणि अधिक कामाचं वाटतं. तिच्यामुळे मी आमची खोली लाज न वाटता आठवू लागलो.

म्हणून सांगतो, निवेदनातला तो शब्द काढ. खरं तर सगळं निवेदनच काढ, पण ते तू ठरव, फिल्म तुझी आहे. शेवटचा मोर्चाचा तुकडाही मला उपरा वाटला. 1982 च्या गिरणी संपाचं ते जुनं फुटेज आहे, चांगलं आहे, पण आजोबा त्यात नव्हते. ते त्या दिवसांत गावी भात लावत होते, आणि त्याबद्दल त्यांना लोकांनी बोलही लावले. तेच का नाही सांगत? तुझ्या फिल्ममधला सगळ्यात चांगला भाग तर तू जोडताना घाईने कापला आहेस: शेजारच्या मावशी कॅमेऱ्याकडे पाठ करून तांदूळ निवडताहेत आणि तुला म्हणताहेत, "जरा सरक, उजेड अडतोय." तिथे अजून अर्धं मिनिट थांब.

रागावली असशील तर दोन दिवसांनी फोन कर, चालेल. आजीने दोन लुगडी आणि आजोबांची एक पँट देऊन बोहारणीकडून घेतलेलं ते स्टीलचं पातेलं अजून आपल्याकडेच आहे. काल हे पत्र लिहायला बसलो आणि त्यात दूध उतू गेलं. आई अजून बोलत नाहीये.

तुझा,
बाबा