ताजमहालाचा फोटो राहू दे

प्रिय मनू,

सप्रेम जय भीम.

आज सोमवार. अजिंठ्याची लेणी बंद, म्हणून मी घरी. आई ओसरीवर शेंगा फोडत बसलीय. काल फोनवर अर्धवट राहिलेलं बोलणं मी कागदावर पुरं करतोय. तुझं नेट सारखं अडकत होतं, आणि मला जे सांगायचंय ते तुकड्यातुकड्यांत सांगण्यासारखं नाही.

तू म्हणालीस, शनिवारी तिकडे ओसाकाच्या वसतिगृहात प्रत्येकाने आपल्या देशाबद्दल वीस मिनिटं बोलायचंय. व्हिएतनामची एक, श्रीलंकेची एक, नेपाळचे दोघं, इंडोनेशियाचा एक आणि तुमच्या मजल्यावरच्या दोन जपानी मुली. त्यासाठी तू ताजमहाल, होळी, योगासनं असे फोटो जमवलेस. मनू, तू ताजमहाल पाहिलेला नाहीस. मीही नाही. कुणी विचारलं, तिथे उन्हात संगमरवर तापतो का, तर काय सांगशील? आणि लोक नेमकं असंच काहीतरी विचारतात. १९९८ पासून गाइडचं काम करतोय. पाहुण्याचा पहिला प्रश्न पुस्तकातला असतो, दुसरा मात्र आपल्याला थेट घरात नेतो.

मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न तुला माहीत आहे. जपानी, कोरियन, थाई, सगळे विचारतात. लेणी बघून होतात, खाली वाघूरच्या पुलाजवळ पाणी पिताना कुणीतरी हळूच विचारतं : बुद्ध तुमच्याकडचा, ही लेणी तुमची, मग आता भारतात बौद्ध आहेत का? सुरुवातीची काही वर्षं मी पाठ केलेलं उत्तर द्यायचो. बौद्ध धर्म इथून हळूहळू कमी झाला, वगैरे. ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढे चालायला लागायचा. मी स्वतः समोर उभा असून माझं नाव त्यात नव्हतं. का, ते मला आज नीट सांगता येतं. मला वाटायचं, यांना दोन हजार वर्षांपूर्वीचं ऐकायचंय, आपल्या घरातलं नाही.

मग एकदा एका जपानी गृहस्थाने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी आहे ना." तो थांबला. मग मी त्याला तुझ्या आजोबांचं सांगितलं. ते एकवीस वर्षांचे होते. शेजाऱ्याकडून पांढरा सदरा उसना घेतला, जळगावहून रेल्वेने नागपूरला गेले आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या लाखोंच्या गर्दीत उभे राहिले. परत आले तेव्हा सदरा धुळीने तांबूस झाला होता, आणि आजीने तो तीनदा धुवून शेजाऱ्याला परत केला. तो गृहस्थ अजिंठ्याची सनावळी ऐकून गप्प होता, पण सदऱ्याचं ऐकून त्याने वही काढली. उसना सदरा कुणाचा, आजोबा आधी काय काम करायचे, गावात त्यांना विहिरीवर पाणी भरू द्यायचे का, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. विहिरीचंही. लाजायचं कारण आपल्याला नव्हतं.

तुलाही जातीबद्दल विचारतील. रागावू नकोस आणि झाकूही नकोस. आपल्या घरात काय झालं तेवढं सांग. देशाची बाजू मांडायला तुला कुणी पाठवलेलं नाही.

आता ऐकण्याबद्दल. हे मला फार उशिरा समजलं, म्हणून जरा लांबवून लिहितो.

२०१२ च्या डिसेंबरात जपानी लोकांचा एक छोटा गट आला होता. त्यात एक आजी होत्या, सत्तरी उलटलेल्या, काठी घेऊन पण डोलीला नकार देऊन वर चढलेल्या. एक नंबरच्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर मी नेहमीसारखा बोलत होतो. हातातलं निळं कमळ, खाली झुकलेली नजर, मोत्यांच्या माळा. आजींनी हात जोडले आणि एकच शब्द म्हणाल्या, "होर्यूजी." मला नाव ठाऊक होतं. जपानमधल्या नारा शहराजवळच्या त्या देवळातल्या भिंतीवरची चित्रं अजिंठ्याच्या चित्रांशी नातं सांगतात, हे आम्हा सगळ्या गाइडना पाठ असतं आणि जपानी पाहुणे दिसले की आम्ही ते वाक्य फेकतो. मीही फेकलं. आजी म्हणाल्या, "ती जळली." बाहेर आल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि सांगायला लागल्या. २६ जानेवारी १९४९. त्या आठ वर्षांच्या होत्या, घर तिथून जवळच. भल्या सकाळी होर्यूजीच्या मुख्य मंदिरात आग लागली. आत तेव्हा त्याच चित्रांच्या नकला करायचं काम चाललं होतं. संध्याकाळी वडील घरी आले आणि कुणाशी एक शब्द बोलले नाहीत. जेवले नाहीत. माझ्या जपानीत मला निम्मंच कळलं, बाकीचं त्यांच्या सुनेने इंग्रजीत सांगितलं.

मग मी त्यांना आमचं सांगितलं. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं इथे राहून या चित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातल्या बहुतेक गेल्या. मग चित्रकार जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा सगळं रंगवलं, आणि १८८५ मध्ये त्यातल्याही बऱ्याच लंडनलाच जळाल्या. तिकडे मूळ चित्रं गेली, इकडे नकला गेल्या. आजींना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. गटातले बाकीचे पुढे निघून गेले होते, आणि मला त्या दिवशी त्यांच्यामागे धावावंसं वाटलं नाही.

जाताना त्यांनी पिशवीतून एक निळं सुती फडकं काढून दिलं, पांढऱ्या लाटांचं. आई त्यातच माझ्या भाकऱ्या बांधते, तुला माहीतच आहे. ते कुणाचं, हे मात्र मी तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. एका कोपऱ्याला शिवण उसवली होती, तिथे आईने लाल दोरा घातलाय. आजींनी पाहिलं तर त्यांना आवडेल असं मला वाटतं.

आणि तुझ्या त्या श्रीलंकेच्या मैत्रिणीबद्दल. सतरा नंबरच्या लेण्यातलं सिंहल अवदान तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून पाहिलंस. सिंहल व्यापारी, फुटलेलं गलबत, बेटावरच्या राक्षसिणी, मग सिंहल राजा होऊन हत्ती-घोडे नावांत घालून बेट जिंकायला जातो. मी ही गोष्ट रंगवून सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात. एकदा श्रीलंकेहून यात्रेकरूंचा गट आला होता, तेव्हाही तशीच सांगितली. त्यांच्यातल्या एक शिक्षिका शांतपणे म्हणाल्या, आमच्याकडे ही गोष्ट वेगळी आहे. तिथे राजपुत्राचं नाव विजय, आणि बेटावर त्याला भेटते ती कुवेणी. ती यक्षिण. ती त्याला राज्य मिळवून देते, तिला त्याच्यापासून एक मुलगा आणि एक मुलगी होते. मग विजयाला मदुरैची राजकन्या हवी असते आणि तो कुवेणीला मुलांसकट घालवून देतो. तिच्याच लोकांच्या हातून ती मारली जाते. "तुमच्या भिंतीवर ती राक्षसीण आहे," त्या म्हणाल्या, "आमच्याकडे बायका तिच्यासाठी रडतात."

मनू, चौदा वर्षं मी ती भिंत दाखवत होतो. त्या दिवसानंतर त्या भिंतीवरच्या बायकांचे चेहरे मला वेगळे दिसायला लागले. आता मी दोन्ही गोष्टी सांगतो.

त्याच गटाबरोबर माझ्याकडून एक चूक झाली. सव्वीस नंबरला, महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर. मी नेहमीप्रमाणे मूर्तीकडे पाठ करून उभा राहिलो, लोकांकडे तोंड करून, आणि म्हटलं, चला, इथे उभे राहा, सगळ्यांचा फोटो काढतो. कुणी हललं नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा दंड धरून मला अलगद बाजूला केलं. बुद्धाकडे पाठ करून ते फोटो काढत नाहीत. मी आजोबांचा मुलगा, दर पौर्णिमेला विहारात वंदना म्हणणारा, आणि ती मूर्ती माझ्यासाठी कामाची जागा होऊन बसली होती. ते मला बोलले काही नाहीत. त्यांनी चादर अंथरली, बसले आणि वंदना सुरू केली. पाली तीच, चाल निराळी. "बुद्धं सरणं गच्छामि"पाशी माझा आवाज आपोआप त्यांच्यात मिसळला. त्यांनी वळून पाहिलं. त्यांनाही तेव्हाच कळलं की मी कोण. मी आजही तिथे बाजूलाच उभा राहतो.

म्हणून त्या मुलीला कुवेणीचं विचार. तिच्या घरी ती गोष्ट कोण सांगतं, कशी सांगतं ते विचार. तिच्या देशातल्या युद्धाबद्दल मात्र पहिल्या दिवशी विचारू नकोस. सांगावंसं वाटलं तर ती आपणहून सांगेल, आणि सांगेल तेव्हा हातातला फोन बाजूला ठेव.

खाण्याचं आईने सांगितलंय ते लिहितो. समोसे करत बसू नकोस, ते कुठेही मिळतात. भरीत कर. तुमच्याकडे काट्यांची आग नाही, पण मासे भाजायची जाळी असते ना शेगडीला, तिच्यात वांगं चांगलं काळं होईपर्यंत भाज. त्यांची वांगी लहान असतात, सात-आठ तरी घे. मिरच्या आणि लसूण भाजून, दाणे आणि पात घालून हातानेच ठेच, मिक्सर नको. जपानी मुली बघताक्षणी "याकिनासु" म्हणतील. ते लोकही वांगं असंच भाजून सोलतात, वर आलं आणि सोया सॉस घालतात. त्यांना म्हणावं, तुमचंही करा, शेजारी ठेवू. तिखट मात्र निम्मं घाल.

तुझा काका विचारतोय की जपानी शिकायला शाळेत एवढे पैसे का भरायचे. लेण्यांच्या फाट्यावर, टी पॉइंटला, दगड विकता विकता तो फुकट शिकला. मी त्याला म्हटलं, तुला इची-नी-सान, म्हणजे एक-दोन-तीन, आणि "यासुई", म्हणजे स्वस्त, एवढंच येतं. त्यावर म्हणाला, त्या एवढ्यावर दोन पोरींची लग्नं केली. हेही सांग तिकडे. डोंगरातले स्फटिक सहा भाषांत विकणारा काका त्यांच्यापैकी कुणाला नसेल.

एक काम मात्र माझं कर. ओसाकाहून होर्यूजी फार लांब नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मुख्य मंदिरात भिंतींवर आता नव्याने केलेल्या नकला आहेत, त्या बघ. पद्मपाणी तुला पाठ आहे, तेव्हा काय सारखं आणि काय वेगळं ते मला सांग. मी वीस-पंचवीस वर्षं ते वाक्य दुसऱ्यांना सांगत आलोय, पाहिलेलं नाही. फोटो काढू देत नसतील तर काढू नकोस, नुसतं बघून ये.

आजोबांचा नागपूरचा फोटो नाही, कुणीच काढला नव्हता. पण कोनाड्यात त्यांची काठी आहे, तिचा फोटो आईच्या मोबाइलवरून आज रात्री पाठवतो. तो लाव शनिवारी.

झालं की फोन कर. शनिवारी-रविवारी गर्दी असते, मी वर असतो आणि वर रेंज नसते. सोमवारी कर.

तुझे पप्पा
फर्दापूर