पाळीव सरड्यांचे जिवंत खाद्य आणि चतुर्थीची सुट्टी

संपादक महोदय,

चतुर्थी तोंडावर आली आहे. पणजी, मडगाव, वास्को येथील फ्लॅटना कुलपे लावून अनेक कुटुंबे मूळ घरी जातील. त्यांपैकी काही घरांत काचेच्या टाकीतला लेपर्ड गेको किंवा बिअर्डेड ड्रॅगन मागे राहील. परदेशी सरडे पाळण्याची हौस आता गोव्यातही रुजली आहे आणि सुट्टीपुरती प्राण्याची सोय म्हणून मूठभर रातकिडे टाकीत सोडून निघून जाणारेही आहेत. ही सोय प्राण्याच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हे पत्र वेळेवर लिहीत आहे.

टाकीत मोकळ्या सोडलेल्या रातकिड्यांना दुसरे काही खायला मिळाले नाही, की ते झोपलेल्या सरड्याची बोटे, पापण्या आणि शेपटी कुरतडू लागतात आणि त्या जखमा चिघळतात. पूर्ण वाढ झालेला निरोगी लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवून असतो, त्यामुळे स्वच्छ पाणी असेल तर दोन-चार दिवसांचा उपास त्याला सहज सोसतो. किड्यांच्या गराड्यात ठेवण्यापेक्षा त्याला उपाशी ठेवलेले बरे. पिल्लांचे मात्र तसे नाही. त्यांना रोज खावे लागते आणि त्यांच्यासाठी विश्वासातल्या शेजाऱ्याकडे किल्ली देऊन जाण्याला पर्याय नाही.

याहून गंभीर चूक वर्षभर घडते आणि ती विक्रीच्या काउंटरवर सुरू होते. मी प्राणिशास्त्राची निवृत्त शिक्षिका असल्याने ओळखीची मुले आपले प्राणी मला दाखवायला आणतात. त्यांतल्या एकाच्या गेकोचा खालचा जबडा बोट लावताच रबरासारखा दबत होता. तो अळी तोंडात धरायचा, पण चावता न आल्याने ती सुटून खाली पडायची आणि तो पुन्हा तिच्याकडे वळायचा. त्याचे पुढचे पाय कोपरात वाकले होते. त्याला रोज सुपरवर्म, म्हणजे भुंग्याच्या मोठ्या अळ्या, मिळत होत्या आणि पोट भरलेले होते. “रोज चार अळ्या टाका, बाकी काही लागत नाही,” एवढेच विक्रेत्याने त्या मुलाला सांगितले होते.

बाकी पुष्कळ लागते. रातकिडे, मीलवर्म आणि सुपरवर्म या तिन्हींत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. सरड्याच्या आहारात मात्र कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, शक्यतो त्याच्या दुप्पट असावे लागते. ही तूट भरून निघाली नाही तर शरीर ती हाडांतून भरून काढते आणि हाडे मऊ पडतात. म्हणून किडा सरड्याला देण्याआधी त्या किड्यालाच चोवीस ते अठ्ठेचाळीस तास चांगले खाऊ घालायचे असते. गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला यांसाठी उत्तम. तांबडी भाजी आणि पालक आपल्या स्वयंपाकघरात रोजचे असले तरी इथे टाळावेत, कारण त्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यानंतर किडे लहान डब्यात घालून त्यावर फॉस्फरसविरहित कॅल्शियमची चिमूटभर पूड टाकावी, डबा हलकेच हलवावा आणि लगेच खायला द्यावे, कारण रातकिडे स्वतःला साफ करताना ती पूड काढून टाकतात. किड्याची जाडी सरड्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी.

एवढे करूनही, विशेषतः बिअर्डेड ड्रॅगनसारख्या दिवसा वावरणाऱ्या सरड्यांना, यूव्हीबी (अतिनील) किरण देणारा दिवा नसेल तर शरीरात ड-जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही आणि खाल्लेले कॅल्शियम वाया जाते. टाकी खिडकीशी ठेवून हे भागत नाही, कारण काच ते किरण अडवते.

आपल्या पावसाळ्याची अडचण वेगळी. अळ्या ज्या धान्याच्या कोंड्यात ठेवतात त्याला दमट हवेत बुरशी धरते, म्हणून तो वरचेवर बदलावा लागतो. मीलवर्म फ्रिजमध्ये टिकतात, सुपरवर्म मरतात. वीज गेली की उष्णतेचा दिवा विझतो आणि पुरेशी ऊब नसलेल्या सरड्याला खाल्लेले पचत नाही, त्यामुळे अशा वेळी खाऊ घालण्याची घाई करू नये.

पावसात व्हरांड्यातील दिव्याभोवती किड्यांचा थवा जमतो आणि फुकटचे खाद्य म्हणून तो गोळा करण्याचा मोह होतो. तो आवरावा. काजूच्या बागांतील फवारणी आणि डासांसाठी केलेली धूरफवारणी या किड्यांच्या अंगावर आलेली असू शकते. काजवा तर चुकूनही देऊ नये. अमेरिकेत फोटिनस प्रजातीतील काजवे खाऊन बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडचे काजवे वेगळ्या प्रजातींचे असले तरी खाऊ घालून परीक्षा पाहण्याची ही गोष्ट नव्हे.

घरात जिवंत किडे मारले जाणे ज्यांना सहन होत नाही, त्यांच्या भावनेचा मला आदर आहे, पण त्यांनी कीटकभक्षी प्राणी आणूच नये. केवळ गाजरावर गेको जगत नाही. उलट हिरवा इग्वाना हा सरडा शाकाहारी आहे, त्याला किडे दिल्यास मूत्रपिंडावर ताण येतो आणि पूर्ण वाढल्यावर तो दीड मीटरपर्यंत लांब होतो, हेही दुकानात कोणी सांगत नाही. तो साइट्स या वन्यजीव व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असल्याने 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी आवश्यक आहे.

किड्यांबद्दलही बोलले पाहिजे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव ‘प्राणी’ आहे आणि केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्याचे भक्ष्य बनवणे हा गुन्हा आहे. सरड्याचे पोट भरणे ही करमणूक नव्हे, पण टाकीत किड्यांचा ढीग ओतून त्याचे रील काढणे मला त्या रेषेच्या फार जवळचे वाटते. चिमट्याने एकेक किडा द्यावा, उरलेले परत त्यांच्या डब्यात, त्यांच्या खाद्यासह ठेवावेत. नंतर हात साबणाने धुवावेत, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा रोगजंतू असू शकतो, आणि पाच वर्षांखालील मुलांना या कामापासून दूर ठेवावे.

माझी पशुवैद्यकीय खात्याला आणि विक्रेत्यांना विनंती आहे की, अळ्यांच्या प्रत्येक डब्याबरोबर मराठी आणि कोकणीत छापलेला एक कागद द्यावा. हे किडे कोणत्या प्राण्यासाठी आहेत आणि कोणत्या प्राण्याला देऊ नयेत, त्यांना काय खाऊ घालायचे, कॅल्शियमची पूड किती वेळा लावायची आणि प्राण्याचा जबडा किंवा पाय मऊ वाटल्यास कोणाकडे न्यायचे, एवढा मजकूर एका पानात मावतो. चतुर्थीच्या खरेदीपूर्वी हे झाले तर बरे होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा