पाकीट

प्रिय आई-बाबा,

मी एकदम मजेत आहे, बातम्या बघून घाबरू नका. १५ ऑगस्टला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपान शरण आल्याच्या दिवशी, टीव्हीवर दाखवलं ते यासुकुनी मंदिर माझ्या घरापासून लांब आहे. म्हणजे, मी गेले होते तिथे, पण कडेला उभी होते आणि पोलिस इतके की काही होणं शक्यच नाही. ओबोनची, म्हणजे इथल्या पितरांच्या सणाची, सुट्टी होती, सोबत ऑफिसातली कोरियन मैत्रीण. तिच्याकडेही १५ ऑगस्ट म्हणजे जपानच्या राज्यातून सुटल्याचा दिवस, ती तोरीच्या, म्हणजे मंदिराच्या कमानीच्या, बाहेरच थांबली, आत पाऊलही टाकलं नाही तिने.

इथली एक गंमत सांगते. त्या दिवशी पंतप्रधान बहुतेक वेळा स्वतः मंदिरात जात नाहीत, माणसाकरवी पैसे पाठवतात, तेही खिशातले, पक्षाध्यक्ष म्हणून. मंदिराच्या सणाला पूजेचं झाड पाठवतात. कारण तिथे युद्धात मेलेल्या २४ लाखांहून जास्त लोकांची नावं आहेत आणि १९७८ मध्ये गुपचूप १४ मोठे युद्धगुन्हेगारही त्यात घातले. गेलं की चीन-कोरिया भडकतात, २०१३ ला तेव्हाचे पंतप्रधान आबे गेले तर अमेरिकाही नाराज झाली, नाही गेलं तर घरचे मतदार रुसतात. बाबा, लग्नाला जायचं नाही पण पाकीट पाठवायचं, अगदी तसंच! आणि पाकिटावरही बीजिंग-सोलहून निषेध येतोच, दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत. मैत्रीण म्हणते, १९९५ ला पंतप्रधान मुरायामांनी युद्धाबद्दल माफी मागितली, २०१५ ला आबे म्हणाले पुढच्या पिढ्यांना माफी मागत बसायला लावू नका, आणि पाकीट चालूच, मग आम्ही खरं काय धरायचं? मला उत्तर सुचलं नाही.

बाबांसाठी आत न्यायमूर्ती राधाबिनोद पालांच्या स्मारकाचा फोटो काढला. टोकियो खटल्यात, म्हणजे युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या खटल्यात, सगळ्यांना निर्दोष म्हणणारे ते एकटेच. मी भारतीय म्हटल्यावर एक आजोबा कमरेत वाकून आरिगातो, म्हणजे धन्यवाद, म्हणाले, मी पण खूश झाले. अत्याचार झाले हे पालांनीही नाकारलं नव्हतं, ते नंतर आठवलं. मैत्रिणीला यातलं काहीच सांगितलं नाही.

बरं, आई, जेवते मी नीट. चिंगीच्या लग्नाला सुट्टी मिळत नाहीये, खरंच मिळत नाहीये, दोनदा विचारलं. आहेराचे पैसे तुझ्या खात्यात टाकलेत, माझ्या नावाने तू दे. मावशी काय म्हणेल ते माहितीये, वर लिहिलेलं तिला वाचून दाखवू नकोस. माझ्या लग्नाचं दिवाळीत फोनवर बोलू, आत्ता नको.

तुमची,
मनू