टाकीच्या झाकणासाठी, मिस्त्री काकांना

आदरणीय मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार.

पैसे विचारले तेव्हा "मी केलंच काय?" म्हणून तुम्ही हात झटकलेत. तुम्ही काय केलंत, ते आज सगळ्यांसमोर लिहितो.

पहाटे ६ पासून मानेवाडा, बेसा, नरेंद्रनगर असं फिरून मी घरोघरी उपाशीपोटीच्या रक्ताचे नमुने घेतो आणि धंतोलीतल्या लॅबमध्ये पोचवतो. रक्त नळीत भरून ठेवलं तरी त्यातल्या पेशी साखर वापरत राहतात. उशीर झाला तर आकडा चुकीचा येतो, आणि त्या आकड्यावर कुणाचं तरी औषध ठरतं. माझी गाडी २००९ ची, १०० सीसीची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा तो भाग). तीन आठवडे ती रोज वीसेक मिनिटं चालायची, मग आचके देऊन बंद. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू! अजनी पुलावर खांद्यावर बर्फाची पेटी घेऊन गाडी ढकलताना मला रडू यायचं बाकी होतं.

एका ठिकाणी प्लग आणि कार्बोरेटरचं किट बदलून झालं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ऊन लागतंय, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन उघडावं लागेल, सहा हजार. मी उसने पैसे मागायला निघालो होतो.

सक्करदऱ्यात तुमच्याकडे आलो, तर तुम्ही पाना उचललाच नाही. नुसते विचारत राहिलात. "काऊन रे बाबू, पहाटे बी बंद पडते का?" पडते. "धूर निघते का निळा? तेल कमी होते का?" नाही. "टाकी फुल असली का लवकर बंद पडते?" हे ऐकून मी चमकलो. खरंच, पेट्रोल भरलं त्या दिवशी हमखास. मग प्लग काढून माझ्या हातात दिलात. टोक फिकट तपकिरी होतं. काळा, तेलकट असता तर इंजिनात तेल जळतंय असं समजायचं, पांढरा असता तर पेट्रोल कमी पडून गाडी तापतेय. "हे इंजिन चांगलं आहे. याले हात नको लावू. आता बंद पडली का किक मारत बसू नको, टाकीचं झाकण खोल अन् कान लावून आयक."

दुसऱ्या दिवशी छत्रपती चौकाच्या अलीकडे गाडी बंद पडली. झाकण उघडलं, 'फुस्स' करून हवा आत गेली, आणि थोड्याच वेळात पहिल्या किकला गाडी सुरू झाली.

झाकणातल्या बारीक छिद्रात धूळ बसली होती, घट्ट. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यायला हवी. ती येत नव्हती, म्हणून टाकीत पोकळी होऊन पेट्रोल अडायचं आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी व्हायची. थांबलं की हवा हळूहळू झिरपायची. टाकी भरलेली असली की वर हवेला जागाच थोडी, म्हणून त्रास लवकर. हे सगळं तुम्ही जुन्या डब्यावर बोट ठेवून मला समजावलंत, हातातली दोन कामं थांबवून. मग बारीक तार, थोडं पेट्रोल, हवेचा फवारा. पाच मिनिटं.

माझे सहा हजार वाचले, त्याचे आभार आहेतच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही मला, ज्याला यातलं काही कळत नव्हतं, माझ्याच गाडीबद्दल विचारलंत आणि माझ्या उत्तरांवर विश्वास ठेवलात. आजवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

चेन फार ताणू नको, बेरिंग खाते, हेही लक्षात आहे. गाडी धुताना झाकणावर पाण्याचा जोर मारत नाही.

आमच्या लॅबमधल्या एका सोबत्याची गाडीही अशीच बंद पडते. मी आधी विचारून घेतलं. फक्त दुपारी पडते, सकाळी कधीच नाही. झाकण उघडून फरक नाही, आणि बंद पडल्यावर प्लगला ठिणगीच येत नाही. मला प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलचा संशय आहे, पण हात लावलेला नाही. रविवारी त्याला घेऊन येतो.

तुमचा,
बर्फाच्या पेटीवाला