‘शारदा’ उसाच्या फडावर न्या : सांस्कृतिक कार्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत शाळेत संगीत शिकवते आणि हौशी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करते. हे पत्र ‘संगीत शारदा’साठी आहे, म्हणजे पैशांसाठी म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीवरच्या देवलांच्या जुन्या संगीत नाटकासाठी.

गेल्या वर्षी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलींकडून ‘शारदे’तले दोन प्रवेश बसवून घेतले. ‘म्हातारा इतुका न अवघे पाऊणशे वयमान’ हे पद सुरू झालं की पोरी हसून लोळायच्या. भुजंगनाथ, म्हणजे म्हातारा नवरदेव, झालेली मुलगी कापसाच्या मिशा सावरता सावरता स्वतःच हसायची, आणि तालीम पुन्हा पहिल्यापासून. मग आम्ही लग्नाच्या प्रवेशाला आलो. कोदंड हा तरुण भर मांडवात सांगतो की वधू-वर सगोत्र आहेत, आणि लग्न थांबतं. तेव्हा पडद्याची दोरी धरून उभी असलेली आठवीतली एक मुलगी म्हणाली, “बाई, गोत्र वेगळं असतं तर?”

कुणीच काही बोललं नाही. तीच पुढे म्हणाली, “ताईच्या वेळी देवक वेगळं निघालं.”

तिचे आईवडील दर हंगामात बीड जिल्ह्यातून आमच्याकडच्या कारखान्यांना ऊस तोडायला येतात. ताईचं लग्न पंधराव्या वर्षी झालं. देवक (कुळाचं चिन्ह; ते एकच असलं तर लग्न होत नाही) बघितलं, ते वेगळं निघालं, म्हणजे हरकतीला काही उरलंच नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या नाटकाचं मर्म त्या पोरीने दोन वाक्यांत हातावर ठेवलं. देवलांची शारदा वाचते ती गोत्राच्या आधाराने. ‘मला हे लग्न नको’ हे तिचं म्हणणं मांडवात कुणी कारण म्हणून धरत नाही.

साहेब, गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं, हळदीच्या पेवांचं हे गाव सांगलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. ‘शारदा’ 1899 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने इंदुरात पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं. पुराणातल्या कथांवर आणि संस्कृत नाटकांवर पोसलेल्या संगीत रंगभूमीवर आजूबाजूच्या घरातलं दुःख घेऊन ते आलं : पैशांसाठी मुलगी विकणारा कांचनभट, तिची बाजू घेऊन घरात एकटी भांडणारी इंदिराकाकू, दोन्हीकडून खाणारा मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. पुढे तीस वर्षांनी, 1929 साली, मुलींच्या लग्नाचं वय चौदा ठरवणारा कायदा झाला. तो हरबिलास सारडांनी आणलेला, म्हणून ‘सारडा कायदा’. पण मराठी माणूस त्याला ‘शारदा कायदा’च म्हणत राहिला. नावांचा हा निव्वळ योगायोग. तरी तो लोकांना खरा वाटला, एवढं हे नाटक घराघरांत मुरलं होतं.

आज आपल्याकडे ‘शारदा’ म्हणजे नाट्यसंगीताच्या कार्यक्रमातली दोन-तीन पदं. ‘मूर्तिमंत भीती उभी’ मी स्वतः कितीतरी कार्यक्रमांत वाजवलं आहे. गायक बैठक सावरतो, आलापी होते, ताना होतात, समेवर वाहवा मिळते. त्यात वाईट काही नाही, मलाही ते आवडतं. पण ते पद म्हणजे कोंडीत सापडलेल्या पोरीचा धसका आहे, हे श्रोत्यांच्या ध्यानात राहत नाही आणि खरं सांगायचं तर वाजवताना माझ्याही राहत नसे. आठवीच्या त्या मुलीनंतर मी ते पद बेताचं वाजवते. मुलींचा स्वर काळी चारच्या आसपास. त्या पट्टीत, एकही तान न घेता, शब्द स्पष्ट ठेवून गायलं की ते चार मिनिटांत संपतं आणि सभागृह गप्प होतं.

पुनरुज्जीवन म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी सुचतात : भरजरी शालू, भव्य नेपथ्य आणि नामवंत गायक घेऊन महोत्सवातला एक प्रयोग, किंवा मग सगळं बदलून टाकणं. ‘शारदे’ला या दोन्हींची गरज नाही. पाच अंकांचं नाटक अडीच तासांत आणावं लागेल, हे मान्य. मात्र कात्री लावायची ती पदांच्या विस्ताराला. संवादांना लावू नये. देवल स्वतः नामांकित तालीममास्तर होते, त्यांची वाक्यं माणसं घरात बोलतात तशी आहेत, आजही जिभेवर सहज बसतात. आणि शेवट बदलू नये. सगोत्राचा मुद्दा आणि शंकराचार्यांचा निवाडा आजच्या दिग्दर्शकाला अडचणीचा वाटतो, मला माहीत आहे. तो तसाच ठेवावा. त्या मुलीला प्रश्न पडला तो शेवट तसाच होता म्हणून.

प्रेक्षक येत नाहीत, हे कारण मला पटत नाही. 2017 साली आलेलं ‘संगीत देवबाभळी’ बघायला तरुण मुलं रांगा लावून आली. गोव्यात देवळांच्या उत्सवांत गावची मंडळी अजून संगीत नाटक उभं करतात, आणि लोक रात्री उशिरापर्यंत बसतात.

अडतं ते प्रयोगसंख्येवर. शासन दरवर्षी संगीत नाट्यस्पर्धा घेतं. त्या स्पर्धेने आमच्यासारख्यांना जिवंत ठेवलं आहे, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण चार महिने तालमी, स्पर्धेत एक प्रयोग, आणि दुसऱ्या दिवशी कपडे पेटीत. संगीत नाटक एका प्रयोगात पिकत नाही. पद कुठे उचलायचं, संवादाचं शेवटचं अक्षर आणि ऑर्गनचा पहिला स्वर यांत किती जागा सोडायची, हे दहाव्या-बाराव्या प्रयोगाला कळू लागतं. साथीदार तर अंदाजपत्रकात सगळ्यांत शेवटी येतात. एका नाट्यगृहात (नाव घेत नाही) आम्हाला सांगण्यात आलं की ऑर्गन ठेवायला जागा नाही, ‘ट्रॅक’ लावा. नटी श्वासाला अर्धी मात्रा थांबली तर ट्रॅक थांबत नाही. शेवटी पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्या काढून मी तिथे बसले.

म्हणून माझं मागणं महोत्सवाचं नाही. ‘शारदे’चा एक चांगला संच उभा करा. तो सलग दोन गळीत हंगाम फिरवा, निदान पन्नास प्रयोग. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या कारखान्यांच्या आवारात, फडाजवळच्या खोप्यांच्या वस्तीत. पावसाळ्यात, माणसं घरी परतली की बीड, परभणी, जालन्याच्या शाळांत आणि मंगल कार्यालयांत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. बीड आणि परभणीत हा आकडा 40 टक्क्यांच्या वर आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्या हिशेबाने मिळते, आणि मागे गावात वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापाचा घोर असतो. कांचनभटाचा लोभ या आईबापांना लावणं अन्यायाचं होईल. पण मांडवात बसलेल्या मुलीचं भय तेच आहे, आणि ते देवलांनी लिहून ठेवलं आहे, चालींसकट.

हे काम एकट्या आपल्या खात्याचं नाही. महिला व बालविकास खातं दरवर्षी बालविवाहाविरुद्ध फलक लावतं. त्यातला थोडा निधी या प्रयोगांकडे वळवता आला तर दोन्ही खात्यांचं काम होईल. प्रयोगानंतर अर्धा तास गावातल्या मुलींशी बोलायला ठेवावा, भाषण नको. त्या विचारतील आणि आपण ऐकायचं.

आणखी एक. कोल्हापूरचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री आम्ही सांगलीत मोबाइलवर ज्वाळा बघत बसलो होतो. माझ्याबरोबरचे तबलजी, ज्यांनी त्या रंगमंचावर उमेदीची वर्षं काढली, काही न बोलता उठून घरी गेले. गायकनट केशवराव लहान वयात गाजले ते शारदेच्या भूमिकेत, ‘मूर्तिमंत भीती उभी’ गाऊन. नव्याने उभ्या राहणाऱ्या त्या वास्तूत या संचाचा एक प्रयोग आपण लावावा, आणि पहिल्या रांगा पाहुण्यांना न देता आश्रमशाळेतल्या आणि ऊसतोड कामगारांच्या मुलींना द्याव्यात.

चालींचंही बघायला हवं. ‘शारदे’ची संहिता छापील मिळते. पण साक्या, दिंड्या असे जुने गेय छंद आणि बायकांच्या गाण्यांच्या वळणाच्या चाली ज्यांच्या गळ्यात अजून मूळ रूपात आहेत ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. 2022 च्या जानेवारीत ज्येष्ठ गायिका-अभिनेत्री कीर्ती शिलेदार गेल्या, तेव्हा किती काय एकदम गेलं ते आम्हा साथीदारांना विचारा. या जुन्या मंडळींना बसवून सगळी पदं पेटी-तबल्यावर साधी, विस्ताराशिवाय ध्वनिमुद्रित करून घ्या आणि कुठल्याही शाळेला फुकट मिळतील अशी ठेवा.

आमच्याकडचा ऑर्गन जुना आहे. दिवाळीत त्याच्या भात्याचं कातडं बदलून घेतलं, आता हवा धरतो. पदं बसलेली आहेत. पडद्याची दोरी धरणारी ती मुलगी यंदा नववीत आहे आणि तिला इंदिराकाकू करायची आहे. संचाचं ठरेपर्यंत एक छोटा प्रयोग आम्ही आमच्या बळावर, जवळच्या कारखान्याच्या आवारात करतो आहोत, संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी, रात्री आठ वाजता. आपण यावं.

आपली,
सांगलीतील एक संगीत शिक्षिका