माडीचं आधी बघा

लेंट, नायमेखन, नेदरलँड्स
६ जुलै

ती. अण्णा आणि आई,
सा. न.

फोनवर पुरासाठी घरावर माडी चढवायचा विषय काढला की अण्णा फोन आईकडं देतात, म्हणून पत्रच लिहायला बसले.

मी बरी आहे. नोकरी, जेवणखाण नेहमीचंच. खोकला गेला.

आई, हा देश समुद्राखाली आहे असं टीव्हीवर बघून तू घाबरलीस. रॉटरडॅमच्या बाजूला काही जमीन समुद्रसपाटीच्या साडेसहा मीटर खाली आहे, हे खरं. पण मी राहते ते नायमेखन पार आत, जर्मनीच्या सरहद्दीजवळ. इथं धाक आहे तो नदीचा, आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठावरनं मला नदीची काळजी करू नका. ‘सांगलीच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट?’ हे मी इथूनही रोज बघते. पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी म्हणतात, आणि २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलं होतं. तेव्हा काळजी कुणी कुणाची करायची, सांगा.

आमच्याजवळनं वाहते ती वाल, र्‍हाईनची सर्वांत मोठी शाखा. १९९३ ला आणि परत १९९५ ला ती चढली. १९९५ मध्ये अडीच लाख माणसं गुराढोरांसकट हलवावी लागली. बांध टिकले, पण पुढं पाऊस वाढतच जाणार, दर वेळी बांध उंच करून भागायचं नाही, हे या लोकांनी ओळखलं आणि नदीलाच जागा द्यायची ठरवली. आमच्या लेंटचा बांध साडेतीनशे मीटर मागं घेतला, पन्नासेक घरं पाडली आणि नदीला दुसरं पात्र खोदून दिलं. २०१६ ला ते काम पुरं झालं. मधे जे बेट तयार झालं, तिथं जायला एक बुटका पूल आहे, मुद्दाम बुटका. पूर आला की त्याची वाट बुडते आणि कडेचे सिमेंटचे ठोकळे तेवढे वर राहतात. मी यायच्या आधी, २०१८ च्या जानेवारीत, माणसं त्या ठोकळ्यांवरनं पाय टाकत पाणी बघायला गेली होती. त्याचे फोटो बघून मला नरसोबाच्या वाडीचा दक्षिणद्वार सोहळा आठवला. पाणी उत्तरेकडनं देवळात शिरून दक्षिणेकडनं बाहेर पडतं, आणि माझा दंड घट्ट धरून अण्णा मला त्यात बुडी मारायला लावायचे. पाण्याला घरात घ्यायची रीत आपलीही आहे, अण्णा. पण ते पाणी यायचं आणि जायचं. २०१९ चं दिवसच्या दिवस हललं नाही.

आता आई, तुला पटणार नाही अशी एक गोष्ट. इथली माणसं अंगणातली चांगली, धडधाकट फरशी उखडतात आणि त्याची गावागावांत स्पर्धा लावतात! ‘तेखेलविपन’ म्हणतात. तेखेल म्हणजे फरशी, विपन म्हणजे खालनं उचकटून काढणं. २०२० ला रॉटरडॅम आणि अ‍ॅमस्टरडॅम यांच्यात सुरू झालं, आता देशभर चालतं. मार्च ते ऑक्टोबर कुणी किती फरश्या काढल्या ते मोजतात, गावाच्या लोकसंख्येशी ताडून बघतात, आणि जिंकलेल्या गावाला सोन्याच्या रंगाची फरशी देतात. काही ठिकाणी काढलेल्या फरश्या न्यायला नगरपालिकेची गाडी फुकट दारात येते. शेजारच्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत. परवा गुडघ्याखाली उशी घेऊन पहारीनं फरशी उचलत होत्या. मी मदतीला गेले तर खालच्या पांढऱ्या पडलेल्या वाळूत बोट खुपसून म्हणाल्या, बघ, वर्षानुवर्षं हिला पाऊस लागलेला नाही. फरशीवरचं पाणी सगळं गटारात जातं, आणि आता पडतो तसला पाऊस गटारांना झेपत नाही. उन्हाळ्यात तीच फरशी रात्रीपर्यंत तापलेली राहते. २०१९ च्या जुलैत इथं पारा पहिल्यांदाच चाळिशीच्या वर गेला, ४०.७. तिथं आता आजींनी झाडं लावलीत. तू दारातली माती झाकायला शहाबादी घालायची म्हणतेस, ती निदान पेरूच्या बुडाशी नको घालूस.

इथं सगळं सोपं झालं असं समजू नका. ओव्हरडीप म्हणून एक सखल भाग आहे. मोठ्या पुरात पाणी तिथं घ्यायचं ठरलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीच योजना मांडली: बांधालगत सहा मीटर उंच टेकाडं करायची आणि घर-गोठे त्यांवर न्यायचे. टेकाडं झाली आठ. उरलेल्यांना जमीन सोडून उठावं लागलं. भरपाई मिळाली तरी घर ते घर. म्हणून अण्णा, मी तुम्हाला गाव सोडा म्हणत नाही. वर चढा एवढंच म्हणते.

२०२१ ला इथं दक्षिणेकडं लिम्बुर्खमध्ये पूर आला आणि आठवड्यात आपल्याकडं आला. इथल्या पुराचं मला ऑफिसात सगळे विचारत होते, आणि तुम्ही दोघं शाळेच्या वर्गात सतरंजीवर. गाभण म्हैस गळ्याएवढ्या पाण्यातनं दादानं एकट्यानं काढली. तिचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी नव्हते. त्यावर काय लिहू?

तर पैशाचं. तीन लाख दादाच्या खात्यावर टाकलेत, त्याला विचारा. जोतं दोन हात वर घ्या आणि माडी काढा. जिना बाहेरनं, म्हणजे दार पाण्यात गेलं तरी वर जाता येईल. धान्याच्या कणगी, कागदपत्रं आणि आईचं शिलाई मशीन कायमचं वर. उरलेल्याला माझ्या लग्नाची ठेव मोडा. हो, मोडाच.

कारण जयसिंगपूरच्या स्थळाला नाही कळवायचं आहे. माझ्या मनात एक मुलगा आहे. परभणीचा, इथंच नोकरीला. त्याचे वडील शेती करतात, तिकडं पाण्याची वाट बघतात. त्यानं स्वतःहून सांगितलं, लग्न वाडीला देवळात, पाच-पन्नास माणसांत करू. डिसेंबरात आम्ही दोघं येतो. अण्णांनी रागवायचं तर तेव्हा समोर रागवावं, फोन आईकडं देऊ नये.

आत्याला आत्ताच सांगू नका. दादा-वहिनीला नमस्कार, पिंट्याला पापा.

स्लॅब दिवाळीनंतर टाका, तोवर पाऊस उघडेल.

तुमची,
शुभा